ऑफिसच्या फाइल सर्व्हरवरचे फोल्डर ब्राउझरमधून द्यायचेत, जाणकारांनी मार्ग सुचवा

हळदीगोणी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

सांगलीत काकांचं सीए ऑफिस आहे. चौदा माणसं, त्यात सहा आर्टिकल (सीए होण्याआधीची उमेदवारी करणारी पोरं). मी सीए नाही. कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलंय. आतल्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर). सगळ्यांच्या विंडोज पीसीवर तो ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसतो. आत क्लायंटचे फोल्डर, त्यात वर्षांचे फोल्डर. कोणाला कुठला फोल्डर दिसावा हे सांबात नीट लावलेलं आहे. ‘फी-पगार’ हा फोल्डर फक्त काका आणि एक सीनियर मॅडम उघडू शकतात.

अडचण अशी, की आर्टिकल पोरं ऑडिटला बाहेर जातात. साखर कारखाना, पतसंस्था, तासगावचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. तिथून दिवसाला दहा फोन: ‘दादा, मागच्या वर्षीची ट्रायल बॅलन्स व्हॉट्सअॅप करा ना.’ ३० सप्टेंबरची ऑडिटची मुदत जवळ आली की मी दिवसभर फायली पाठवायचंच काम करतो.

हवंय एवढंच: ब्राउझर उघडायचा, लॉगिन करायचं, आपापले फोल्डर दिसले पाहिजेत, फाइल उतरवता आणि चढवता आली पाहिजे. माणशी महिना पैसे नकोत. एका मित्राने सांगितलं, राउटरमध्ये ४४५ पोर्ट उघड, झालं काम. उघडू का?

जुना अॅडमिन | सोमवार, रात्री ११:०५

नको. नको. नको.

४४५ म्हणजे एसएमबी (विंडोजची फाइल वाटायची भाषा), म्हणजे तुमचा झेड ड्राइव्ह जसाच्या तसा रस्त्यावर. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं) आलं ते याच दारातून. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती, ती न टाकलेले कितीतरी जण दोन महिन्यांनी अडकले. अनेक इंटरनेटवाले ४४५ आपल्या बाजूनेच बंद ठेवतात, म्हणजे तुम्ही उघडलंत तरी बहुधा चालणार नाही. आणि चाललं तर जास्त वाईट. शिवाय एसएमबी ब्राउझरमध्ये उघडत नाही. तुम्हाला वेब हवंय ना, मग मध्ये वेबचा थर लागेलच.

लोकल ८:१२ | सोमवार, रात्री ११:२०

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह घ्या आणि मोकळे व्हा. चौदा माणसांसाठी एवढी उठाठेव कशाला?

हळदीगोणी | सोमवार, रात्री ११:३१

@लोकल ८:१२, काकांचं म्हणणं, क्लायंटचे कागद आपल्या कपाटात राहिले पाहिजेत. यावर त्यांच्याशी वाद घालून झालाय, पुन्हा घालायची हिंमत नाही.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे २:१५

काकांना अनुमोदन.

वेबडॅव बघितलंत का? एचटीटीपीवरच चालतं, १९९९ पासूनचं प्रमाण आहे, २००७ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. अपाचे वेब सर्व्हरमध्ये मॉड्यूल चालू केलं की फोल्डर वेबवर, आणि विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणूनही जोडता येतो. पोरांना झेड ड्राइव्हची सवय आहेच.

जुना अॅडमिन | मंगळवार, सकाळी ८:५०

वेबडॅव कागदावर छान आहे. विंडोजवर पोरांना द्याल तर पहिल्याच आठवड्यात डोकं धराल. विंडोजचा स्वतःचा वेबडॅव क्लायंट मुळात सुमारे ५० एमबीच्या वरची फाइल उतरवू देत नाही. रजिस्ट्रीत आकडा वाढवावा लागतो, आणि वाढवूनही कमाल ४ जीबीच. साध्या एचटीटीपीवर पासवर्ड पाठवायला तो नकार देतो (ते बरंच आहे). आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सेवाच निवृत्तीच्या यादीत टाकली. जाणाऱ्या गाडीत कशाला बसायचं?

वैनगंगा | मंगळवार, सकाळी ९:१०

फक्त बघायचं-उतरवायचं असेल तर एनजिनएक्स वेब सर्व्हरची ऑटोइंडेक्स. दोन ओळींत काम. फोल्डरची यादी दिसते, क्लिक केलं की फाइल खाली. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मॅन्युअल आणि इन्स्टॉलर आम्ही असेच ठेवलेत, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही.

जुना अॅडमिन | मंगळवार, सकाळी ९:४०

@वैनगंगा, मॅन्युअलला ठीक. पण इथे खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो अजून कुणी विचारलेला नाही. वेब सर्व्हर फाइल उघडतो ती कोणाच्या नावाने?

झेड ड्राइव्ह उघडताना आर्टिकल स्वतःच्या नावाने सांबासमोर उभा राहतो. सांबा त्याला ओळखतो, हा फोल्डर तुझा, तो नाही. मध्ये वेब सर्व्हर आला की सांबासमोर उभा राहतो वेब सर्व्हर. म्हणजे शिपायाच्या हातात सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा द्यायचा आणि त्याला सांगायचं, माणूस बघून दार उघड. मग सांबात तुम्ही लावलेल्या परवानग्या नुसत्या भिंतीवरच्या पाटीसारख्या. सगळी भिस्त त्या शिपायावर. ऑटोइंडेक्समध्ये तर शिपाई माणूसही बघत नाही.

माझी जुनी गोष्ट. एका कंपनीत (नाव नको) आयआयएसवर (विंडोजचा वेब सर्व्हर) व्हर्च्युअल डिरेक्टरी करून फाइल सर्व्हरचा शेअर वेबवर द्यायचा होता. विंडोज लॉगिन लावलं. वेब सर्व्हरच्याच डिस्कवरचं सगळं उघडे, शेअरवरचं काही केल्या उघडेना, पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारे. दोन रात्री गेल्या. कारण हे, की एनटीएलएमने (विंडोज लॉगिनची जुनी पद्धत) वेब सर्व्हरपर्यंत ओळख पोचते, तिथून पुढच्या यंत्राकडे नेता येत नाही. याला डबल हॉप म्हणतात. सरळ उपाय म्हणजे कर्बेरॉसचं डेलिगेशन, म्हणजे वेब सर्व्हरला त्या माणसाच्या नावाने पुढे जायची परवानगी. ते जमेना आणि साहेब डोक्यावर बसलेले, म्हणून आम्ही सोपा मार्ग घेतला: ‘कनेक्ट अॅज’मध्ये एक सर्वाधिकारी खातं टाकलं. सगळं उघडायला लागलं. *सगळ्यांना* सगळं उघडायला लागलं. ते कळलं तेव्हा तीन महिने उलटले होते.

लोकल ८:१२ | मंगळवार, सकाळी ९:५५

बाप रे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मुळशीचा पाऊस | मंगळवार, दुपारी १:२०

नेक्स्टक्लाउड टाका. ओनक्लाउडमधून २०१६ मध्ये फुटून निघालेलं, फुकट, स्वतःच्या यंत्रावर चालतं. त्यात एक्स्टर्नल स्टोरेज नावाचं अॅप आहे, ते सांबाचा शेअर थेट दाखवतं. फायली हलवाव्या लागत नाहीत, झेड ड्राइव्ह आहे तसा राहतो.

जुन्या अॅडमिनसाहेबांच्या शिपायाचं उत्तरही त्यात आहे. शेअर जोडताना ओळख कशी द्यायची याचे पर्याय येतात. एकच ठरावीक नाव-पासवर्ड हा एक पर्याय, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. दुसरा ‘लॉगिनचीच ओळख, सेशनपुरती’. यात माणूस ज्या नाव-पासवर्डने आत आला, तेच नेक्स्टक्लाउड सांबाला दाखवतं. परवानग्या सांबाच्याच चालतात. अट एकच, दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड सारखे हवेत. चौदा माणसांत हे हाताने जमतं, एलडॅप (सगळ्यांची खाती एका जागी ठेवणारी सोय) वगैरेची गरज नाही.

एक तोटा: पासवर्ड साठवलेला नसल्याने त्या फोल्डरची शेअर लिंक कुणाला पाठवता येत नाही.

जुना अॅडमिन | मंगळवार, दुपारी १:३४

तोटा कसला, वरदान आहे. आर्टिकल पोरांच्या हातात पब्लिक लिंक म्हणजे... असो.

टॉवरखाली | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

सगळे सॉफ्टवेअर सांगताहेत, ऑफिसपर्यंत पोचायचं कसं ते कुणी बोलत नाही. हळदीगोणी, राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला काही असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एक सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. चाळीचा पत्ता आहे, खोली नंबर नाही; बाहेरून आलेलं पत्र तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. मग पोर्ट उघडण्याचा वाद मुळातच मिटला.

हळदीगोणी | मंगळवार, रात्री ९:१५

बघितलं. १००. आणि पुढे सत्तरीतला आकडा. म्हणजे चाळच! स्टॅटिक आयपीचे (आपला एकट्याचा कायमचा पत्ता) वर्षाला वेगळे पैसे मागताहेत.

टॉवरखाली | मंगळवार, रात्री ९:४०

नका देऊ. आतून बाहेर जाणारी वाट नेहमी मोकळी असते, तिचा उपयोग करा. एक तर छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्याने घेऊन ऑफिसमधून त्याच्याकडे वायरगार्ड या व्हीपीएनचा (खाजगी, कुलूपबंद वाट) बोगदा काढायचा, आणि व्हीपीएसवर एनजिनएक्स आणि लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट. नाहीतर टेलस्केल, आत वायरगार्डच आहे, जोडणीची कटकट ते बघतात. क्लाउडफ्लेअरचा टनेलही आहे, पण तिथे एन्क्रिप्शनचं कुलूप त्यांच्याच यंत्रावर उघडतं आणि फुकटच्या योजनेत एका अपलोड विनंतीला १०० एमबीची मर्यादा आहे. काकांचं कपाट-प्रेम बघता मी सुचवणार नाही.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे १:५०

थांबा. टेलस्केल लावायचंच आहे तर नेक्स्टक्लाउड हवं कशाला? व्हीपीएन जोडला की झेड ड्राइव्ह बाहेरूनही तसाच उघडेल. एक सॉफ्टवेअर कमी, एक भोक कमी.

टॉवरखाली | बुधवार, सकाळी ७:३०

तत्त्वतः बरोबर. कारखान्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एसएमबीने हजार फायलींचा फोल्डर उघडून बघा. एसएमबी भयंकर बडबड्या आहे, प्रत्येक फाइलमागे सर्व्हरशी चार गोष्टी बोलतो. ऑफिसच्या वायरवर ते जाणवत नाही, रेंज एक कांडी असली की चहा येतो आणि फोल्डर उघडत नाही. ब्राउझर एकदाच यादी मागतो. आणि फोनवर झेड ड्राइव्ह कुठून आणणार?

हळदीगोणी | बुधवार, सकाळी १०:००

पण पोरं कधीकधी क्लायंटच्याच पीसीवर बसतात. तिथे व्हीपीएन कसा टाकणार?

जुना अॅडमिन | बुधवार, सकाळी १०:१२

तिथे लॉगिन करायचंच नाही. ज्या पीसीवर दहा जणांचे पेनड्राइव्ह लागून गेलेत, त्याच्या कीबोर्डवर तुमच्या ऑफिसचा पासवर्ड? ऑफिसचा लॅपटॉप द्या, नाहीतर पोराच्या फोनवर अॅप. यावर मी अडून बसणार.

मुळशीचा पाऊस | बुधवार, सकाळी १०:३०

+१. म्हणजे नेक्स्टक्लाउड हवंच, पण व्हीपीएनच्या आत. बाहेरच्या जगाला त्याचं पानही दिसू नये. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट, दोन्ही रॅन्समवेअर इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या फाइल साठवणाऱ्या बॉक्सवर तुटून पडले होते. क्यूलॉकरने तर काही विशेष केलं नव्हतं, सेव्हन-झिप वापरून सगळ्या फायली पासवर्ड लावलेल्या संग्रहात कोंबल्या. त्या लोकांनाही ‘घरच्या फायली बाहेरून दिसाव्यात’ एवढंच हवं होतं.

हळदीगोणी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:१०

आधी कबुली देतो.

एका मिनी पीसीवर नेक्स्टक्लाउड चढवलं, सांबा जोडला, टेलस्केल लावलं. सेशनवाला पर्याय निवडला, तर माझ्या नावाने चालेना (माझा सांबाचा पासवर्ड वेगळा होता, हे नंतर कळलं). घाई होती. तात्पुरतं म्हणून माझं स्वतःचं खातं टाकून दिलं. माझ्या खात्याला सगळं दिसतं. बुधवारी एका आर्टिकलने विचारलं, ‘दादा, फी-पगार म्हणून काय आहे? उघडू का?’

उघडला नव्हता, असं ती म्हणाली. लॉगमध्ये बघितलं, खरंच नव्हता. काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच रात्री ते काढलं. सगळ्यांचे पासवर्ड नवे, दोन्हीकडे एकच, आणि सेशनवाली ओळख. आता प्रत्येकाला आपापलंच दिसतं. सांबात ‘हाइड अनरीडेबल’ही चालू केलं, म्हणजे जे उघडता येत नाही त्याचं नावही दिसत नाही.

जुना अॅडमिन | रविवार, रात्री ११:२५

तीन महिने नाही, तीन दिवसांत कळलं. माझ्यापेक्षा बरे आहात. रच्याकने (बाय द वे), लॉग जपून ठेवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. नेक्स्टक्लाउडमधलं ऑडिट लॉगचं अॅप चालू आहे ना?

हळदीगोणी | रविवार, रात्री ११:४०

आता केलं.

दुसरी अडचण. कारखान्यावरून एक पोरगा एक्सेल उतरवतो, दुरुस्त करतो, परत चढवतो. तेवढ्यात ऑफिसमध्ये मॅडमनी तीच फाइल झेड ड्राइव्हवरून उघडून बदललेली असते. शेवटी ज्याने सेव्ह केलं त्याचं टिकलं, दुसऱ्याचं गेलं. गुरुवारी मॅडमचा अर्धा दिवस गेला.

मुळशीचा पाऊस | सोमवार, सकाळी ९:००

झेड ड्राइव्हवर एक्सेल उघडली की कुलूप लागतं, दुसऱ्याला ‘रीड ओन्ली’ सांगितलं जातं. ब्राउझरने उतरवलेली प्रत म्हणजे झेरॉक्स. झेरॉक्सवर केलेल्या खुणा मूळ कागदाला कळत नाहीत. याला तांत्रिक उपाय आहेत, ब्राउझरमध्येच एक्सेल उघडणारे ऑनलाइन ऑफिस वगैरे, पण मिनी पीसीला झेपणार नाही.

टॅलीचा डेटा तर या वाटेने अजिबात देऊ नका. तो चालू असताना उतरवला-चढवला की वाट लागलीच समजा. त्यासाठी ऑफिसच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉप, तोही व्हीपीएनमधून.

ग्रंथपाल काकू | सोमवार, दुपारी ३:१५

मी तांत्रिक नाही, पण आमच्या वाचनालयात स्कॅन केलेल्या जुन्या अंकांसाठी असंच केलंय, म्हणून लिहिते. सरकारी ऑफिसात आवक-जावक वही असते ना, तशी. वेबवरून सगळे फोल्डर फक्त बघायला आणि उतरवायला. चढवायचं ते एकाच ‘आवक’ नावाच्या फोल्डरात. तिथून उचलून जागेवर ठेवायचं काम एकाच माणसाचं. आमच्याकडे ते मी करते. तेव्हापासून कुणाचं काही पुसलं गेलं नाही.

जुना अॅडमिन | सोमवार, दुपारी ३:३०

काकू, _/\_. एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नाही.

हळदीगोणी, हे सांबातच करा. त्याच डिरेक्टरीचा दुसरा शेअर, वेगळ्या नावाने, ‘रीड ओन्ली’, आणि ‘होस्ट्स अलाऊ’मध्ये फक्त मिनी पीसीचा आयपी. ऑफिसवाले जुन्या शेअरने लिहितात, वेब नव्या शेअरने वाचतं. ‘आवक’ तिसरा शेअर, लिहिता येणारा. उद्या नेक्स्टक्लाउडला भोक पडलं तरी त्या वाटेने मूळ फायलींना हात लागणार नाही. बॅकअप तरीही घ्याच, आणि एक प्रत ऑफिसबाहेर.

हळदीगोणी | शनिवार, संध्याकाळी ६:२०

केलं! काकू, मॅडमनी तुम्हाला खास धन्स सांगितलंय. आवक फोल्डर आता त्याच बघतात, रोज पाच वाजता.

मध्ये एक गंमत झाली. मोठे स्कॅन चढवताना ‘४१३’ (फाइल फार मोठी आहे) ही एरर येत होती. व्हर्च्युअल मशिनपासून केबलपर्यंत सगळं तपासलं. शेवटी कळलं, पुढे ठेवलेल्या एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी! वाढवली आणि झालं. नेक्स्टक्लाउड ज्यावर चालतं त्या पीएचपीच्याही वेगळ्या मर्यादा असतात, त्याही बघून घ्या कुणी करत असेल तर.

आता एकच राहिलं. शोध. ‘शेतकऱ्यांची यादी’ शोधलं तर कधी सापडते, कधी नाही. फाइल डोळ्यांना समोर दिसतेय.

मुळशीचा पाऊस | शनिवार, रात्री ८:००

झेड ड्राइव्हवरून टाकलेली नवी फाइल, कुणी तो फोल्डर वेबवर उघडेपर्यंत नेक्स्टक्लाउडला माहीतच नसते. ते असेल.

ग्रंथपाल काकू | शनिवार, रात्री ८:४०

आमच्याकडे ‘ऱ्य’चा घोळ होता! जुन्या टायपिंगमध्ये ते साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असं लिहिलं जायचं. नव्या कीबोर्डवर नुक्त्याचा स्वतंत्र ऱ येतो. ‘दुसर्‍या’ आणि ‘दुसऱ्या’. दिसायला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. आमच्या पुतण्याने दाखवेपर्यंत मी फाइल हरवली म्हणून शोधत होते.

रात्रपाळी | रविवार, पहाटे १:१०

काकू रॉक्स. त्यात तिसरा प्रकार पण आहे: मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर ऱ फोडून र आणि खालचा नुक्ता असे दोन साठवले जातात. तिथून लिनक्सवर जशीच्या तशी कॉपी आली की नाव तिसरंच.

आणखी एक, नावं आटोपशीर ठेवा. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून ८५ चिन्हं. विंडोजवर २५५ चालतात, म्हणून तिथे ठेवलेलं लांबलचक नाव झेडवर कॉपी होताना अडतं.

हळदीगोणी | रविवार, सकाळी ९:३०

तपासलं. काकूंचंच बरोबर! एका सीनियरच्या पीसीवर जुनं टायपिंग आहे, त्यांच्या सगळ्या फायलींत ते अदृश्य चिन्ह. मुळशीकरांचंही अर्धं बरोबर, काही फायली नवीन होत्या.

नावं एकदम बदलायची काही सोय आहे का?

रात्रपाळी | रविवार, सकाळी ११:४५

मॅकवाल्या फुटलेल्या नावांसाठी कॉन्व्हएमव्ही हे लिनक्सचं टूल. ते आधी नुसतं दाखवतं काय बदलेल ते, ‘नोटेस्ट’ सांगितल्याशिवाय हात लावत नाही. अदृश्य चिन्हाला मात्र ते काही करणार नाही, कारण ते युनिकोडच्या दृष्टीने वेगळंच लिखाण आहे. त्यासाठी रीनेमची एक ओळ लागेल: र, हलन्त, जोडचिन्ह दिसलं की ऱ आणि हलन्त. आधी ‘एन’ लावून कोरडी चाचणी, आणि रविवारीच करा, झेड ड्राइव्हवर कुणी नसताना. ज्या फाइलचा एक्सेलमध्ये दुसऱ्या फाइलला दुवा असेल तो तुटेल, ते मॅडमना आधी विचारा.

हळदीगोणी | रविवार, दुपारी १२:०५

विचारलं. मॅडम म्हणाल्या, ३० सप्टेंबर होऊ दे.